पेंगुळलेलं बाळ पोटभर कसं पिईल?

प्रश्न: बाळ सहा दिवसांचं आहे. 37 आठवडे पूर्ण होऊन दोन दिवसांनी जन्मलं. जन्माचं वजन 2.8 किलो, तिसऱ्या दिवशी घरी सोडताना 2.6 किलो. थोडी कावीळ आहे, पण उपचारांची गरज नाही, असं तेव्हा सांगितलं होतं. आता बाळ सारखं झोपलेलं असतं. चार-पाच तास उठत नाही. अंगावर घेतलं की दोन-तीन मिनिटं ओढतं आणि झोपून जातं. तळपाय चोळले, कानाला हात लावले, काही उपयोग होत नाही. दिवसभरात चार वेळा शू आणि एकदा शी होते. आई म्हणते, झोपलेल्या बाळाला उठवू नये, बाळ गुणी आहे. उठवू की नको? आणि वरचं दूध सुरू करू का?

उत्तर:

उठवायचंच. पण त्याच्याही आधी एक काम करा. आजच्या आज बाळाचं उघडं वजन करून घ्या आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा, उद्यावर टाकू नका. सहाव्या दिवशी चोवीस तासांत किमान सहा वेळा भरपूर शू आणि तीन-चार वेळा पिवळी शी व्हायला हवी. तुमच्याकडे चार आणि एक आहे. म्हणजे पोटात जाणारं दूध कमी पडतंय, हे बाळ स्वतःच सांगतंय. तीन दिवसांपूर्वी सौम्य असलेली कावीळ आज तेवढीच असेल असंही धरून चालता येत नाही, कारण कावीळ बहुतेक बाळांत तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास सर्वांत जास्त होते आणि लवकर जन्मलेल्यांत आणखी उशिराही वाढू शकते. खाली लिहिलेलं सगळं या तपासणीच्या जोडीने करायचं आहे, तपासणीऐवजी नाही.

आता आईच्या म्हणण्याबद्दल. जन्मानंतरचे पहिले दोन तास बाळ चांगलं टक्क जागं असतं, मग पुढचा जवळजवळ पूर्ण दिवस झोपतं. ती झोप स्वाभाविक आहे. दुसऱ्या रात्रीपासून बहुतेक बाळं सारखी छातीशी मागायला लागतात आणि घरातल्यांची झोप उडते. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत दूध उतरलेलं असतं आणि पोटभर मिळणारं बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा आपणहून जागं होतं. पोट भरलेलं बाळ पिऊन झोपतं, पण ते पुन्हा उठतंही. जे बाळ उठतच नाही, त्याच्या शांतपणाचं कौतुक करण्याआधी लंगोट मोजावेत. अपुरं दूध मिळणारं बाळ सुरुवातीला रडतं, पण नंतर रडण्यातही शक्ती जाते म्हणून ते झोपून ती वाचवायला लागतं. म्हणजे झोपेमुळे दूध कमी आणि दूध कमी म्हणून झोप जास्त, असं ते चक्र फिरत राहतं.

तुमच्या बाळाच्या बाबतीत या चक्राला आणखी दोन गोष्टी जोर देतात. एक, 37 आठवड्यांचं बाळ दिसायला पूर्ण दिवसांचं वाटतं, पण तोंडातली ताकद आणि जागं राहण्याची क्षमता अजून थोडी कच्ची असते. अशी बाळं आपल्या मूळ तारखेच्या आसपास एकदम तरतरीत होतात, तोवर त्यांना हात द्यावा लागतो. दोन, कावीळ. बिलिरुबिन, म्हणजे कावीळ आणणारं रक्तातलं पिवळं द्रव्य, वाढलं की बाळ सुस्त होतं, सुस्त झालं की कमी पितं, कमी प्यायलं की शी कमी होते. आणि बिलिरुबिन बाहेर पडण्याचा मुख्य मार्ग तर शीच. आतड्यात शी साचून राहिली की त्यातलं बिलिरुबिन पुन्हा रक्तात शोषलं जातं. म्हणून सौम्य काविळीत बाळाला जास्त वेळा पाजणं हाच उपचाराचा मोठा भाग असतो, आणि प्रकाशाखाली ठेवलेल्या बाळालाही पाजणं थांबवत नाहीत. बाळंतपणात किंवा नंतर तुम्हाला गुंगी आणणारी औषधं दिली असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली वेदनाशामकं अंगावरच्या दुधातून बाळाला पेंग आणू शकतात. औषध आपल्या मनाने बंद करू नका, बदलून मागा.

पुढच्या सगळ्या सल्ल्याचा गाभा एकच आहे: बाळाला त्रास देऊन जागं ठेवता येत नाही, दुधाच्या धारेने ठेवता येतं. तळपायावर टिचक्या, कान ओढणं, तोंडावर ओला फडका हे उपाय अनेक ठिकाणी सांगितले जातात. मला ते फारसे आवडत नाहीत. बाळ दचकतं, कपाळाला आठ्या घालतं, दोनदा रडतं आणि आणखी घट्ट मिटून घेतं. शिवाय छातीशी नेलं की काहीतरी टोचतं, अशी गाठ त्याच्या मनात कशाला बांधायची? तोंडात दूध आलं की मात्र गिळावंच लागतं, आणि गिळणारं बाळ सहसा झोपत नाही.

आधी उठवण्याबद्दल, कारण वेळ साधली तर अर्धं काम होतं. नवजात बाळाचं झोपेचं एक चक्र साधारण तासाभराचं असतं आणि त्यातला जवळजवळ अर्धा वेळ झोप हलकी असते. हलक्या झोपेत पापण्यांखाली बुबुळं फिरताना दिसतात, ओठ चुळबुळतात, बोटं हलतात, श्वास कमी-जास्त होतो. गाढ झोपेत हात उचलून सोडला तर लुळा खाली पडतो, चेहरा निश्चल असतो. गाढ झोपेत उठवायला गेलात तर दोघांचीही दमछाक होईल. दोन तास होत आले की बाळाकडे लक्ष ठेवा आणि हलकी झोप दिसताच उचला. तीन तास झाले आणि अशी खूण दिसलीच नाही तर मात्र वाट न पाहता उचला. हे तास एका पाजण्याच्या सुरुवातीपासून दुसऱ्याच्या सुरुवातीपर्यंत मोजायचे. अनेक जणी पाजणं संपल्यापासून मोजतात आणि दिवसाची दोन-तीन पाजणी नकळत कमी होतात.

बाळाला गुंडाळलेलं असेल तर सोडा. उबदार गुंडाळीत मोठी माणसंही झोपतात. फक्त लंगोट ठेवून त्याला तुमच्या उघड्या छातीवर पोटावर पालथं घ्या, पाठीवर एक पातळ दुपटं पुरे. अशा वेळी बाळाला गार करायचं नसतं, तुमच्या अंगाची ऊब त्याला मिळतेच. त्या वासाने, त्या स्पर्शाने वीस-पंचवीस मिनिटांत पुष्कळ बाळं तोंड फिरवून शोधायला लागतात. खोलीतला प्रकाश मंद करा. लख्ख उजेडात नवजात बाळ डोळे मिटतं, अंधुक उजेडात उघडतं. पाठीच्या कण्यालगत बोटांनी वर-खाली चोळा, उभं धरून डोक्याला आधार देत बोला. एक जुनी युक्तीही करून पाहा: दोन्ही तळहातांच्या मधोमध अंगठ्याने हलकं दाबलं की बाळाचं तोंड उघडतं. ही नवजात बाळांतली उपजत प्रतिक्रिया आहे. मग दुधाचा एक थेंब ओठांवर टेकवा. जीभ बाहेर आली, ओठ चाटले, मूठ तोंडाकडे गेली की लगेच पाजायला घ्या. रडणं ही भुकेची शेवटची खूण, तिची वाट पाहायची नाही. पेंगुळलेलं बाळ तिथवर पोचतच नाही.

आता छातीशी घेणं. झोपाळू बाळाला खूप वेळा फक्त बोंड तोंडात मिळतं, दूध नीट येत नाही आणि ते कंटाळून झोपतं. बाळाचं पोट तुमच्या अंगाला लागलेलं हवं, डोकं आणि धड एका रेषेत, नाक बोंडाच्या समोर. तोंड मोठं उघडलं की पटकन जवळ घ्या, म्हणजे हनुवटी स्तनात रुतेल आणि नाक मोकळं राहील. डोक्याच्या मागून ढकलू नका, बाळ मान मागे टाकतं. मानेला आणि खांद्यांना आधार द्या. काखेखालून धरण्याची पद्धत अशा बाळांना बरी पडते, कारण त्यात बाळ थोडं उभं राहतं, तुम्हाला त्याचा चेहरा दिसतो आणि एक हात मोकळा राहतो. तो मोकळा हात फार उपयोगाचा आहे.

नीट बघा. सुरुवातीला बाळ भराभर लहान लहान चोखतं, त्याने पान्हा फुटतो. मग चोखणं संथ आणि खोल होतं. तोंड उघडून जबडा पूर्ण खाली जातो, क्षणभर थांबतो, आणि मिटताना गिळल्याचा मऊसा आवाज येतो. एक-दोन चोखण्यांमागे एक गिळणं, हे खरं पिणं. काही मिनिटांनी जबड्याची ती थांबणूक नाहीशी होते, नुसती हनुवटी थरथरते आणि डोळे मिटतात. यानंतर बाळ अर्धा तास स्तन तोंडात धरून राहिलं तरी पोटात फारसं काही जात नाही. नळाला पाणी नसताना हंडा लावून बसल्यासारखं ते आहे. म्हणून बाळ किती मिनिटं अंगावर होतं हे लिहून ठेवण्यापेक्षा किती वेळ गिळत होतं ते बघा.

गिळणं थांबलं की मोकळ्या हाताने स्तन मागच्या बाजूने, छातीजवळ, अंगठा एका बाजूला आणि बोटं दुसऱ्या बाजूला ठेवून हळूच दाबा आणि दाबून धरा. दुखेल इतकं नाही. धार वाढते, बाळ दचकल्यासारखं पुन्हा खोल ओढायला लागतं. गिळणं थांबलं की सोडा, बोटं जरा फिरवून दुसरीकडून पुन्हा दाबा. दाबूनही गिळत नसेल तर करंगळी तोंडाच्या कडेने घालून चोखणं सोडवा, उभं धरून ढेकर काढा आणि दुसऱ्या बाजूला घ्या. तिथे तेच. मग परत पहिल्या बाजूला. अशा तीन-चार अदलाबदली एका पाजण्यात झाल्या तरी चालतील. मोठ्या, धष्टपुष्ट बाळाला आपण एक बाजू पूर्ण रिकामी करू देतो, शेवटचं दाट दूध मिळावं म्हणून. पेंगणाऱ्या बाळाला आत्ता तो नियम लावायचा नाही, आत्ता धार महत्त्वाची. लंगोट बदलायचा असेल तर सुरुवातीला नाही, दोन बाजूंच्या मध्ये बदला. आयतं जागं करायचं साधन आहे ते.

एवढं करूनही तासभर छातीशी ठेवून बसू नका. सगळं मिळून अर्धा तास पुरे. अशक्त बाळ त्यापुढे जेवढं पितं त्याहून जास्त शक्ती खर्च करतं. मग हाताने किंवा पंपाने दूध काढा आणि ते वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्या. पहिल्या दिवसांतला चीक पंपापेक्षा हाताने चांगला निघतो. तुमचं दूध आता उतरलं असेल, तर पंपाचा उपयोग होईल. दूध काढण्याचा फायदा दोन्हीकडून आहे. बाळाला जास्तीचं दूध मिळतं, आणि स्तन रिकामे झाल्यामुळे पुढचं दूध तयार होत राहतं. झोपाळू बाळ स्तन रिकामे करत नाही, स्तन भरलेले राहिले की शरीर दूध कमी करतं, आणि दहाव्या दिवशी आई म्हणते, मला दूधच नाही. तुमच्याकडे तसं होऊ द्यायचं नसेल तर आत्ता चोवीस तासांत आठ वेळा तरी स्तन नीट रिकामे व्हायला हवेत, मग ते बाळाने करोत नाहीतर तुमच्या हाताने. त्यातलं एखादं रात्रीचं असू द्या, कारण दूध तयार करणारं संप्रेरक रात्री जास्त असतं.

हा क्रम थकवणारा आहे हे मला माहीत आहे. म्हणून वाटून घ्या. पाजणं तुमचं, पण वाटी-चमचा बाळाचे बाबा किंवा तुमची आई धरू शकते, भांडी धुणं आणि नोंदी ठेवणंही. एका फेरीला तासाच्या वर लागू देऊ नका, नाहीतर तुम्हाला झोप उरणार नाही. काढलेलं दूध साध्या खोलीत चार तासांपर्यंत आणि फ्रिजमध्ये चार दिवसांपर्यंत चालतं. बाळाने उष्टं केलेलं मात्र पुढच्या वेळी वापरू नका.

किती द्यायचं? बाळाचं सगळं दूध बाहेरूनच द्यावं लागलं तर पहिल्या आठवड्याच्या शेवटी साधारण दर किलोला दिवसाला 150 मिली लागतं. 2.8 किलोला 420 मिली, म्हणजे आठ वेळांत प्रत्येकी पन्नास मिलीच्या आसपास. तुमचं बाळ अंगावर काही ना काही पितंय, त्यामुळे जोड म्हणून यापेक्षा बरंच कमी पुरेल. नेमका आकडा आजचं वजन पाहून डॉक्टर ठरवतील. तुमच्या काढलेल्या दुधाने तो भरला तर वरच्या दुधाची गरज नाही. नाही भरला तर काही दिवस डब्याचं दूध द्यावं लागेल, आणि त्यात कमीपणा कसला? उपाशी बाळ चोखायला शिकत नाही. पोटात दूध पडून अंगात जोर आला की दोन-तीन दिवसांत बाळ अंगावरही जास्त ओढायला लागतं, हे वारंवार दिसतं. फक्त डब्यावर लिहिलेलं पाणी-पावडरीचं प्रमाण बदलायचं नाही, पातळ तर अजिबात करायचं नाही. साधं पाणी, साखरेचं पाणी, मध यांतलं काहीही द्यायचं नाही. पाण्याने पोट भरतं आणि वजन वाढत नाही, आणि मधातून वर्षाखालच्या बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. चोखणीही पहिले तीन-चार आठवडे बाजूला ठेवा, भुकेच्या खुणा ती गिळून टाकते.

वाटी-चमच्याने देताना एक पथ्य कडक पाळा. झोपलेल्या बाळाच्या तोंडात दूध ओतू नका. घशात न गिळलेलं दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं. बाळ उभं धरा, चमचा खालच्या ओठावर टेकवा, ते जिभेने घेईल तेवढंच. बाटलीने देत असाल तरी हेच, बाटली आडवी धरून, मध्ये मध्ये थांबून. आणि छातीवर बाळाला घेऊन बसलेलं असताना तुमचेच डोळे मिटायला लागले तर बाळ दुसऱ्याकडे द्या. सोफ्यावर किंवा खुर्चीत बाळासकट झोप लागणं धोक्याचं असतं.

वजनाचं गणित सोपं आहे. पहिल्या दिवसांत सात टक्क्यांपर्यंत घट बहुतेक बाळांत होते. तुमची 2.8 वरून 2.6, म्हणजे सात टक्के झाली होती. दहा टक्क्यांची रेषा 2.52 किलोवर येते. आजचं वजन तिच्या आसपास किंवा खाली असेल तर जोडीचं दूध लगेच सुरू करावं लागेल. चौथ्या-पाचव्या दिवसापासून वजन चढायला लागलं पाहिजे, दिवसाला 20 ते 30 ग्रॅम, आणि दोन आठवड्यांच्या आत जन्माचं वजन भरून निघालं पाहिजे. दर वेळी तोच काटा आणि उघडं बाळ. घरच्या माणसांच्या काट्यावर बाळाला घेऊन उभं राहायचं आणि वजाबाकी करायची, हा प्रकार निरुपयोगी आहे. त्यात दोनशे ग्रॅम इकडे-तिकडे सहज होतात.

लंगोटाचंही तसंच. डायपर ओला आहे की नाही कळत नसेल तर एका कोऱ्या डायपरमध्ये तीन मोठे चमचे पाणी ओतून हातात तोलून बघा, भरपूर शू म्हणजे किती जड हे कळेल. एक-दोन दिवस कापडी लंगोट वापरले तर आणखी सोपं. शू फिकी हवी. विटकरी किंवा गुलाबी डाग पहिल्या दोन-तीन दिवसांत चालतात, सहाव्या दिवशी ते दूध कमी पडत असल्याची खूण असतात. शी आता काळी किंवा गडद हिरवी राहायला नको, मोहरीसारखी पिवळी आणि पातळ असायला हवी.

खालचं काही दिसलं तर फोन करत बसू नका, सरळ रुग्णालयात जा, रात्र असली तरी. वर सांगितलेलं सगळं करूनही बाळ उठतच नाही किंवा लागोपाठ दोन वेळा काहीच प्यायलं नाही. अंग लुळं पडलंय किंवा रडणं क्षीण, कण्हल्यासारखं झालंय. आठ तासांत शू नाही. तोंड कोरडं, टाळू खोल गेलेली. पिवळेपणा पायांपर्यंत, तळपायांपर्यंत उतरलाय. ताप 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त, किंवा उलट अंग गार पडलंय आणि छातीशी घेऊनही गरम होत नाही. श्वास मिनिटाला साठच्या वर, छाती आत ओढली जातेय. हिरवी उलटी, झटके. नवजात बाळात जंतुसंसर्ग किंवा रक्तातली साखर कमी होणं सुद्धा फक्त सुस्ती आणि न पिणं एवढंच दाखवू शकतं. म्हणून दोन दिवसांपूर्वी नीट पिणारं बाळ अचानक पेंगायला लागलं तर त्याला झोपाळू म्हणायचं नाही, तपासायचं.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा बिलिरुबिन पुन्हा तपासायला सांगा, आणि एक पाजणं कुणीतरी अनुभवी व्यक्तीने डोळ्यांनी बघावं असा आग्रह धरा. जिभेखालचा पडदा आखूड असणं, बाळाने स्तन वरवर पकडणं, या गोष्टी वर्णनावरून कळत नाहीत. बोंडाला चिरा असतील, किंवा पाजून झाल्यावर बोंड चपटं, लिपस्टिकच्या टोकासारखं तिरपं बाहेर येत असेल तर तेही दाखवा.

हे किती दिवस? गजर लावून उठवणं जन्माचं वजन भरेपर्यंत. वजन भरलं, त्यानंतर दोन मोजण्यांत ते चढताना दिसलं, शू-शी पुरेशी आहे आणि बाळ स्वतःहून आठ वेळा तरी मागतंय, एवढं जमलं की आधी रात्रीचा गजर बंद करा, मग दिवसाचा. तोपर्यंत दिवसा तीन तासांच्या वर नाही, आणि रात्री फार तर एकदा चार तास. आज रात्रीसाठी तोही एक अपवाद नको. आत्ता दवाखान्यात निघण्याआधी बाळाला उघडून छातीवर घ्या, दोन्ही बाजूंना दाबत पाजा, जेवढं हाताने निघेल तेवढं चमच्याने द्या, आणि कालपासूनचे शू-शीचे आकडे कागदावर लिहून सोबत न्या.